विश्लेषण : दुरुस्ती निघाली, पण पोहोचली का? न्हावा शेवाच्या बंदरापासून तिवसा तालुक्यातल्या संगणकापर्यंत

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित सुरक्षा पाठिंबा थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. टायपिंग होतं, प्रिंट निघते, दाखल्यांचे अर्ज भरता येतात. त्यामुळे अनेकांना ही तारीख जाणवलीही नसेल. पण तेव्हापासून या प्रणालीत जे नवे दोष सापडतील, त्यांची दुरुस्ती फक्त मुदतवाढीची नोंदणी केलेल्या संगणकांनाच मिळते. बाकीचे संगणक आहेत तसेच चालत राहतात, उघड्या दोषांसकट.

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने विचारावं, ‘याचा माझ्याशी काय संबंध?’ संबंध आहे. त्याचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक आणि बँकेचं पासबुक हे सगळं कोणत्या ना कोणत्या संगणकातून जातं. ई-पीक पाहणी तर तो स्वतःच्या फोनवरून करतो. हे संगणक आणि फोन ज्या पायावर उभे आहेत, त्या पायात मेमरी हाताळण्याची एक छोटी चूक राहिली तर काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये न्हावा शेवा इथे पाहिलं आहे. त्या चुकीची दुरुस्ती तेव्हा तीन महिन्यांहून अधिक काळ उपलब्ध होती. तरीही बंदरातलं काम थांबलं.

न्हावा शेवाला नेमकं काय घडलं?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी जवाहरलाल नेहरू बंदरातलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे कंटेनर टर्मिनल चालवते. हे बंदर तेव्हा देशातलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर होतं.

टर्मिनलचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे, कोणत्या जहाजावर चढवायचा आहे आणि कोणत्या ट्रकला द्यायचा आहे, ही सगळी माहिती त्या यंत्रणेत असते. ती नसेल तर क्रेन शाबूत, जहाज धक्क्याला आणि माल समोर असूनही काम पुढे सरकत नाही. कर्मचाऱ्यांना हाताने नोंदी करून काम रेटावं लागलं. ट्रकांची गर्दी वाढू लागली, त्यांच्यासाठी पार्किंगची सोय करावी लागली आणि काही माल बंदरातल्या इतर टर्मिनलकडे वळवावा लागला. आयात-निर्यातीच्या मालाची ही साखळी बंदराच्या फाटकाशी संपत नाही. विदर्भातून समुद्रमार्गे जाणारा माल बराचसा याच बंदरातून जातो. त्यामुळे कळ न्हावा शेवाला आली तरी ठणका मागे कारखान्यापर्यंत जातो.

मर्स्कला आपली यंत्रणा जवळपास नव्याने उभी करावी लागली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस इथे दिलेल्या माहितीनुसार, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर प्रणाली पुन्हा बसवावी लागली. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

हा प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारायला जी हत्यारं वापरत होता, त्यातलं एक होतं ‘इटर्नलब्लू’. आणि इटर्नलब्लूचा आधार होता विंडोजच्या कर्नेलमधला एक दोष.

कर्नेल म्हणजे काय?

कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. संगणक किंवा फोन सुरू झाला की हा भाग मेमरीत येऊन बसतो आणि यंत्र बंद होईपर्यंत तिथेच राहतो. आपण वापरतो ते ब्राउझर, व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप हे सगळे त्याच्या परवानगीने चालतात.

गावातला कोणता गट क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हे तलाठ्याच्या दप्तरात ठरतं. तसं मेमरीचा कोणता तुकडा कोणत्या प्रोग्रामचा, हे कर्नेल ठरवतं. एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या तुकड्यात डोकावू न देणं हेही त्याचंच काम. बँकेच्या ॲपमधली माहिती एखाद्या खेळाच्या ॲपला दिसत नाही, ती या बंधामुळे.

म्हणून कर्नेलमधला दोष इतर दोषांपेक्षा गंभीर असतो. एखाद्या ॲपमध्ये चूक असली तर नुकसान सहसा त्या ॲपच्या बांधाच्या आत राहतं. कर्नेल मात्र बांध घालणाराच असतो. तो हल्लेखोराच्या हाती गेला, तर पासवर्ड कितीही मोठा असो वा अँटिव्हायरस कितीही महागडा, सगळं त्याच्या खाली येतं.

चूक नेमकी काय होती?

ऑफिसमधले संगणक एकमेकांच्या फाइल आणि प्रिंटर वापरू शकतात. विंडोजमध्ये हे काम ‘एसएमबी’ नावाच्या पद्धतीने होतं. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. ती चालवणारा भाग कर्नेलच्या आत बसलेला होता, आणि त्या भागातल्या एका हिशोबात चूक होती.

समजा, तिवशाच्या बाजार समितीत एका गोदामाची वही आहे. तिच्यात एका व्यापाऱ्याच्या नावावर १०,००० पोती लिहिली आहेत. तपासणीत ५० पोती बाद झाली. म्हणजे नोंद आता ९,९५० हवी. पण कारकून दुरुस्ती करताना फक्त शेवटच्या चार आकड्यांची घरं खोडतो. त्याने चार शून्यांच्या जागी ९९५० लिहिलं आणि सुरुवातीचा १ तसाच ठेवला. वहीतला आकडा झाला १९,९५०. गोदामात जागा राखली गेली ९,९५० पोत्यांची, पण हमालांकडे हुकूम गेला १९,९५० पोती उतरवण्याचा. जास्तीची पोती शेजारच्या व्यापाऱ्याच्या जागेत, त्याच्या मालावर जाऊन पडणार.

विंडोजमध्ये जवळजवळ हेच होत होतं. दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या एका यादीचा एकूण आकार चार बाइटच्या जागेत लिहिलेला असे. यादीतला सदोष भाग वगळून हा आकार कमी करायची वेळ आली की प्रोग्राम फक्त दोन बाइट बदलत असे. वरचे दोन बाइट जुनेच राहत. आकडा कमी होण्याऐवजी फुगत असे, आणि राखलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती मेमरीत ओतली जात असे. या प्रकाराला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात.

शेजारच्या जागेत काय आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तिथे काहीही असेल तर संगणक निळा पडदा दाखवून बंद पडतो. पण हुशार हल्लेखोर आधी अनेक विनंत्या पाठवून शेजारच्या जागी आपल्याला हवी तीच गोष्ट येईल अशी मांडणी करून घेतो. मग वाहून गेलेली माहिती बरोबर तिथे पडते आणि कर्नेल त्याचे हुकूम पाळायला लागतं. यासाठी समोरच्या माणसाने कुठल्या लिंकवर बोट लावायची गरज नाही. संगणक चालू आहे आणि नेटवर्कला जोडलेला आहे, एवढं पुरेसं.

दुरुस्ती सोपी होती का?

या एका चुकीपुरतं बोलायचं तर हो. आकार लिहिताना दोनऐवजी चारही बाइट लिहायचे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ‘एमएस१७-०१०’ या क्रमांकाने दुरुस्ती प्रसिद्ध केली. तिच्यात एसएमबीमधले हे आणि इतर असे सहा दोष दूर केले होते.

पण कर्नेलमधली ओळ बदलणं हे कामाचं एक टोक झालं. हीच चूक जुन्या-नव्या अनेक आवृत्त्यांमध्ये होती. प्रत्येकीसाठी दुरुस्ती वेगळी तयार करावी लागते आणि असंख्य प्रकारच्या यंत्रांवर ती चालते का हे पाहावं लागतं. कर्नेलमध्ये दुरुस्ती चुकली तर यंत्र सुरूच होत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथेही मूळ कारण मेमरीचंच होतं. कंपनीचा कर्नेलमध्ये चालणारा भाग स्वतःला दिलेल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. तेव्हा ‘चालतंय तर हात कशाला लावा’ असं म्हणणारा कार्यालयातला माणूस केवळ आळशी असतो असं नाही. त्याने अपडेटनंतर बंद पडलेला संगणक कधी ना कधी पाहिलेला असतो.

दुरुस्ती आल्यावर धोका वाढतो तो कसा?

हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. कंपनी दुरुस्ती प्रसिद्ध करते तेव्हा ती दोषाचा पत्ताही जाहीर करत असते. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं की चूक कुठे होती हे जाणकाराला कळतं. म्हणजे दुरुस्ती निघाली त्या दिवसापासून दोन घड्याळं एकदम चालू होतात. एक, ती बसवून घेणाऱ्याचं. दुसरं, तिच्यावरून हत्यार बनवणाऱ्याचं.

इटर्नलब्लूच्या बाबतीत हत्यार आधीच तयार होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून (एनएसए) ही हत्यारं चोरीला गेल्याचं मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ यांनी मे २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिलं. दोष ठाऊक असूनही सरकारांनी ते कंपन्यांना न सांगता साठवून ठेवावेत, यावर त्यांनी टीका केली होती. १४ एप्रिल २०१७ रोजी ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या गटाने ही हत्यारं इंटरनेटवर टाकली.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. दुरुस्ती १४ मार्चला आली. हत्यार १४ एप्रिलला फुटलं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम पसरला. युरोपोलच्या तेव्हाच्या अंदाजानुसार त्याने १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक गाठले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात अडकले. त्यानंतर २७ जूनला न्हावा शेवा.

वॉनाक्रायनंतर सगळा दोष ‘विंडोज एक्सपी’ या म्हाताऱ्या प्रणालीवर टाकण्यात आला. पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या मोजणीत बाधित संगणकांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक ‘विंडोज ७’ वर चालणारे निघाले. विंडोज ७ ला तेव्हा पाठिंबा होता आणि तिची दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती. म्हणजे बहुतेकांकडे औषध नव्हतं असं नाही. घरात येऊन पडलेलं औषध घेतलं गेलं नव्हतं.

एकच संगणक राहिला तर?

नॉटपेट्याने आणखी एक धडा दिला. तो युक्रेनमध्ये पसरला तो ‘एमईडॉक’ नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट यंत्रणेतच शिरकाव केला होता. एकदा आत आल्यावर तो इटर्नलब्लू वापरे, आणि त्याच वेळी संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून पुढच्या संगणकात वैध वापरकर्ता म्हणून शिरे. त्यामुळे दुरुस्ती बसवलेले संगणकही सुटले नाहीत. जाळ्यातल्या एका कमकुवत संगणकावर व्यवस्थापकाचा पासवर्ड सापडला की बाकीची दारं आपोआप उघडत.

म्हणून ‘आमच्या शंभरपैकी नव्वद संगणकांवर अपडेट आहे’ हे उत्तर पुरेसं ठरत नाही. बोंडअळीसाठी दहा शेतकऱ्यांनी वेळेत फवारणी केली आणि अकराव्याने शेत तसंच सोडलं, तर अळी बांध पाहून थांबत नाही, हे वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांना सांगायला नको.

फोनमध्येही असंच होतं का?

तालुक्यातल्या बहुतेकांचा संगणक म्हणजे त्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन. अँड्रॉइडचा गाभा ‘लिनक्स’ नावाचं कर्नेल आहे. तिथली एक घटना न्हावा शेवाइतकी गाजली नाही, पण आपल्याला जास्त जवळची आहे.

अँड्रॉइड कर्नेलमध्ये ‘बाइंडर’ नावाचा भाग असतो. ॲप एकमेकांशी आणि प्रणालीशी बोलतात ते त्याच्यामार्फत. त्यातली चूक वेगळ्या जातीची होती. मेमरीचा एक तुकडा परत केलेला असूनही त्याच्याकडे बोट दाखवणारी जुनी नोंद तशीच राहत होती. शेत विकलं, खरेदीखत झालं, नवा मालक कसायला लागला. पण फेरफार न झाल्याने सातबाऱ्यावर जुनंच नाव राहिलं, आणि त्या नावावर कोणी कर्ज उचललं, तर जो घोळ होईल तोच इथे होतो. जुन्या नोंदीचा हात धरून हल्लेखोर नव्या मालकाच्या जागेत लुडबुड करतो.

ही चूक एका स्वयंचलित तपासणी यंत्रणेला नोव्हेंबर २०१७ मध्ये सापडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिनक्समध्ये तिची दुरुस्तीही झाली. पण तिला सुरक्षा दोष म्हणून क्रमांक मिळाला नाही आणि अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात ती आली नाही. त्यामुळे अनेक फोनपर्यंत ती पोहोचलीच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलच्या संशोधक मॅडी स्टोन यांनी हा दोष पुन्हा उजेडात आणला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची माहिती गूगलकडे होती. ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकात अखेर दुरुस्ती आली. गावातली गळकी पाइपलाइन मुख्य टाकीपाशी जोडली, पण खालच्या वस्त्यांना वीस महिने कोणी कळवलंच नाही, असा हा प्रकार.

बाधित फोनच्या यादीत गूगलचा पिक्सेल आणि सॅमसंगचे महागडे फोन होते, तसेच शाओमीचे रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ हेही होते. रेडमी ५ए भारतात नोव्हेंबर २०१७ मध्ये ४,९९९ रुपयांपासूनच्या किमतीत जाहीर झाला होता. अनेक घरांतला तो पहिला स्मार्टफोन. जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीच्या संशोधकांना गूगलच्या अधिकृत प्ले स्टोअरवर अशी ॲप सापडली, ज्यांतलं एक हा दोष वापरून फोनचा ताबा घेत होतं.

स्वस्त फोनच्या बाबतीत दुरुस्तीचा प्रवास लांबचा असतो. कर्नेल बनवणारे, गूगल, चिप बनवणारी कंपनी, फोन बनवणारी कंपनी आणि शेवटी वापरणारा, असे पाच टप्पे. यातल्या एकानेही हात आखडला की दुरुस्ती तिथेच थांबते. आणि कंपनीला पाच हजारांचा फोन विकून झाल्यावर त्याची चार-पाच वर्षं काळजी घेण्यात नफा दिसत नाही.

असे दोष मुळातच टाळता येत नाहीत का?

बऱ्याच प्रमाणात येतात. कर्नेल मुख्यतः ‘सी’ भाषेत लिहिलेली आहेत. ही भाषा वेगवान आहे, पण मेमरीचा हिशोब ठेवण्याची जबाबदारी ती लिहिणाऱ्यावर टाकते. माणूस कितीही काटेकोर असला तरी लाखो ओळींमध्ये कुठे तरी चुकतोच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांतले सुमारे ७० टक्के सुरक्षा दोष मेमरी हाताळण्यातल्या चुकांचे असतात.

‘रस्ट’सारख्या नव्या भाषा हा हिशोब स्वतः तपासतात. चुकीची नोंद असेल तर प्रोग्राम तयारच होऊ देत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून कर्नेलमध्ये रस्टला प्रवेश मिळाला. नवा भाग अशा भाषांमध्ये लिहायला घेतल्यावर अँड्रॉइडमधल्या मेमरी दोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचं गूगलने सांगितलं आहे. बाइंडरही आता रस्टमध्ये लिहिला गेला आहे. २०२५ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ६.१८ मध्ये तो समाविष्ट झाला.

मात्र याचा फायदा नव्या यंत्रांना. दुकानात, केंद्रात, घरात आज चालू असलेल्या जुन्या संगणकाला आणि फोनला वाचवायला दुरुस्त्यांशिवाय दुसरा उपाय नाही.

मग आता विंडोज १० चं काय?

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा पाठिंबा संपला होता. आता तीच वेळ विंडोज १० वर आली आहे. फरक असा की विंडोज ११ साठी संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे अनेक जुने संगणक अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नाहीत.

घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ जाहीर केली. संगणकाच्या सेटिंगची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवल्यास ती मोफत, नाहीतर ३० डॉलर. संस्थांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट.

सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या बाजूने हे पाहा. केंद्रातला संगणक बहुधा त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो. एका दाखल्यामागे त्याला मिळतात ते थोडे रुपये. त्याच यंत्राला बोटांचे ठसे घेणारं उपकरण, जुना प्रिंटर आणि स्कॅनर जोडलेला. प्रणाली बदलली आणि यातलं एक उपकरण चाललं नाही, तर दारात रांग आणि डोक्याला ताप. दुपारी काम चालू असताना अपडेट सुरू झालं आणि तेवढ्यात लाइट गेली, तर आणखी वेगळं. तो अपडेट पुढे ढकलतो, यात नवल काही नाही. पण त्या यंत्रावर रोज लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि जमिनीची कागदपत्रं उघडली जातात. खर्च त्याचा आणि धोका गावाचा, असा हा व्यवहार झाला आहे.

जबाबदारी कोणाची?

बँकांचं उदाहरण इथे कामाचं आहे. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी देशातली अनेक एटीएम यंत्रं वर्षानुवर्षं त्यावरच चालत राहिली. सूचना देऊनही फारसा फरक पडत नाही हे पाहून रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढलं. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रं पाठिंबा असलेल्या प्रणालीवर आणायची, असं वेळापत्रक तिने घालून दिलं. ‘काळजी घ्या’ असं सांगणं आणि तारीख ठरवून हिशोब मागणं, यातला फरक इथे दिसतो.

‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था अशा दोषांच्या सूचना नियमित काढते. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. पण कळवायची वेळ घटना घडल्यावर येते. त्याआधी सरकारी सेवा देणाऱ्या प्रत्येक यंत्रावर दुरुस्ती बसली का, हे विचारणारं आणि त्याचा खर्च उचलणारं कोणी तरी हवं. सेवा केंद्राला परवाना देताना जागा, फलक आणि दरपत्रक पाहिलं जातं, तसं प्रणालीला पाठिंबा आहे का हेही पाहता येईल. आणि ती बदलायला लागणारा पैसा सरकारने सेवेच्या खर्चात धरायला हवा. तो केंद्रचालकाच्या खिशातून निघेल अशी अपेक्षा ठेवली, तर दुरुस्ती रांगेत शेवटीच राहणार.

फोनच्या बाबतीत युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट द्यावे लागतात. आपल्याकडे फोनच्या डब्यावर कमाल किंमत छापावी लागते, पण सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील हे छापायचं बंधन नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर मुदत पाहिल्याशिवाय शेतकरी ती घेत नाही. फोन घेताना ती मुदत त्याला दिसतच नाही.

आपण काय करू शकतो?

फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ची तारीख असते. ती पाहा. अपडेट आलेलं असेल तर रात्री फोन चार्जिंगला लावून करून घ्या. तारीख वर्ष-दोन वर्षं जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार कमीत कमी ठेवा. व्हॉट्सॲपवर योजनेच्या किंवा वाहन दंडाच्या नावाने आलेली एपीके फाइल कोणत्याही फोनवर उघडू नका. फसवणुकीच्या अशा बहुतेक फाइलना कर्नेलचा दोष लागतही नाही, आपण दिलेली परवानगीच पुरते. जुन्या कर्नेलवर मात्र परवानगी नाकारूनही भागेल याची खात्री नसते.

संगणकावर विंडोज १० असेल तर सेटिंगमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन मुदतवाढीची नोंदणी झाली आहे का ते तपासा. एसएमबीची पहिली आवृत्ती चालू असेल तर माहितगाराकडून बंद करून घ्या. महत्त्वाच्या फाइलची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. जोडलेली राहिलेली प्रत हल्ल्यात मूळ फाइलसोबतच जाते. जुना संगणक टाकायचा नसेल आणि त्यावर फक्त इंटरनेट व टायपिंगचं काम असेल, तर लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली हाही पर्याय आहे. मात्र आपली उपकरणं तिच्यावर चालतात का, हे आधी पाहून घ्यायला हवं.

कर्नेलमधली चूक दुरुस्त करणारे तज्ज्ञ जगात कुठे तरी बसलेले असतात आणि ते आपलं काम बहुधा वेळेत करतात. २०१७ मध्ये त्यांनी ते मार्चमध्येच केलं होतं. जूनमध्ये न्हावा शेवाला ट्रक अडकले, ते दुरुस्ती निघणं आणि ती शेवटच्या यंत्रावर बसणं यांच्यामध्ये उरलेल्या अंतरामुळे. विंडोज १० ची मुदतवाढ संपेल तेव्हा तालुक्यातल्या सेवा केंद्रांमध्ये कोणत्या प्रणाली चालू असतील, हे तपासायची वेळ आज आहे. ते काम कोणाचं, हे सरकारने आत्ताच ठरवून द्यायला हवं.